माशाचा तवा आणि मालनबाईचा हात

मित्रांनो, ज्या घरात मासे शिजतात, त्या घरात बहुधा दोन तवे असतात. एक भाकरीचा. तो ओट्यावर मानाने बसतो आणि आल्यागेल्यासमोर शेगडीवर चढतो. दुसरा माशाचा. तो कुठेतरी कोपऱ्यात, माळ्यावर, पिशवीत असतो. मी तो दुसरा. रंगाने काळाकुट्ट, अंगाला तेलाचा वास आणि एका कडेला जरा वाकलेला. माझी हकीकत मिरवण्यासारखी नाही. तरी सांगतो, कारण तुमच्याही घरात माझ्यासारखा कोणीतरी पडून असेल.

कन्नड गावच्या बाजारात एका लोहाराने मला जाड लोखंडी पत्र्यातून घडवले. ठोकताना त्याचा एक घाव चुकला आणि माझी कड वाकली. मालनबाई तेव्हा नवी नवरी होती. ती तवा घ्यायला आली, तेव्हा लोहार भला माणूस म्हणून तिला दुसरा तवा देऊ लागला. पण तिने मला बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाली, "ह्योच ऱ्हाऊ द्या. एका अंगाला तेल साचंल, तेच वरून सोडता येतंय." माझ्या व्यंगाचा उपयोग पहिल्या भेटीत ओळखणारी ती बाई. तिच्या हाती आलो म्हणून मी तरलो.

तिचा नवरा मोतीराम वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता. बजाजनगरात त्यांची एक खोली होती. सुट्टीच्या दिवशी मोतीराम सायकलवर जायकवाडीचा मासा आणायचा, बहुतेक वेळा राहू, कधी हाती लागली तर मरळ. मालनबाईचे करणे अगदी साधे. तुकड्यांना मीठ, हळद, तिखट आणि ठेचलेला लसूण चोळायचा, वर चिंचेच्या कोळाचा हात फिरवायचा आणि ज्वारीच्या पिठात हलकेच घोळवायचे. मग मला चांगला तापू द्यायचे, करडईचे तेल सोडायचे आणि तुकडे ठेवायचे. त्यानंतर खरे काम असायचे ते काहीच न करण्याचे.

पोरगा अभय ताटली घेऊन शेजारी बसलेला असायचा. त्याला दम निघायचा नाही. तो उलथन्याकडे हात नेई आणि ती हात मागे सारी. "थांब की रं. तव्यानं सोडला की मगच उलटायचा. ओढून काढला तर मोडतोय."

आणि मी सोडायचो. इतक्या वर्षांच्या तेलाने माझ्या अंगावर काळी, गुळगुळीत साय धरली होती. तिला मालनबाई 'तव्याची कातडी' म्हणायची. मला कधी साबण लागला नाही. गरम असतानाच फडक्याने पुसायचे आणि तेलाचे बोट फिरवायचे, एवढीच माझी आंघोळ. माझ्यावर तुकडा चिकटला असे कधी झाले नाही. वास दारातून बाहेर गेला की शेजारपाजारचे वाटी घेऊन यायचे. "मालनबाईचा हात लई गोड," असे म्हणायचे. माझे नाव कोणी घेत नसे, पण तिचे कौतुक झाले की मला माझेच झाल्यासारखे वाटे. तेव्हा मला ठाऊक नव्हते की वासाचीही लाज वाटू शकते.

मोतीराम गेला. अभय शिकला, मोठ्या पगारावर लागला, करुणाशी त्याचे लग्न झाले. बीड बायपासकडे नव्या इमारतीत त्याने घर घेतले. घर घेताना तिथल्या एका जाणत्या गृहस्थांनी त्याला आधी आडनाव विचारले आणि मग हसतमुखाने विचारले, "खाणारे की न खाणारे?" अभय म्हणाला, "न खाणारे." पहिल्या प्रश्नानेच तो इतका आक्रसला होता की दुसऱ्याला खरे उत्तर देण्याचे बळ उरले नाही. हे त्याने पुढे करुणाला सांगितले, तेव्हा मी ऐकले.

मालनबाई नव्या घरी आली ती मला जुन्या लुगड्यात गुंडाळून घेऊनच. अभयने गाठोडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, इथं मासा नको करत जाऊ."

"बरं," ती म्हणाली. कशापायी, असे तिने विचारले नाही. विचारले असते तर त्याला सांगावे लागले असते, आणि त्याला ते जड जाईल हे तिला दिसत होते.

मला तांदळाच्या रिकाम्या पिशवीत घालून मागच्या गॅलरीत कपडे धुण्याच्या यंत्रामागे सरकवले. तरी अधूनमधून मालनबाई मला बाहेर काढायची, उन्हात मांडीवर घ्यायची आणि तेलाचे बोट फिरवायची. समोरच्या घरातल्या सरिताताईंच्या गॅलरीतून हे दिसायचे. बाई बोलक्या आणि मनाने चांगल्या. "मावशी, पोराला तेल लावावं तसं लावता तुम्ही तव्याला," असे म्हणून त्या हसायच्या. मालनबाईही हसायची. कसला तवा ते मात्र सांगायची नाही. तेव्हा मी अंग चोरून बसायचो.

पुढे मालनबाई बहिणीकडे कन्नडला गेली. ती तिकडे असतानाच सरिताताईंनी दार वाजवले. लासूर स्टेशनहून त्यांचे वडील आले होते. त्यांना लोखंडी तव्यावरचे थालीपीठ खायची इच्छा झाली होती. "मावशींचा तो जुना तवा एक दिवस द्याल का, अभयभाऊ? संध्याकाळी नेते."

नाही म्हणायला कारण द्यावे लागले असते. अभय म्हणाला, "हो, न्या की."

दार लागल्यावर करुणा म्हणाली, "अहो, माशाचा तवा आहे तो. त्यांच्याकडे अंडंसुद्धा येत नाही."

"घासून देतो. कळणार नाही."

"कळायचा प्रश्न नाही. सांगून टाका."

त्याने सांगितले नाही. त्याने मला मोरीत नेले आणि सोडा, साबण, तारेची घासणी, जे मिळेल ते लावले. मालनबाईने वर्षानुवर्षे माझ्यावर चढवलेली कातडी काळ्या पाण्यासारखी वाहून गेली. मित्रांनो, ते दुखले हे मी सांगत नाही. आतून पांढरट लोखंड चमकू लागले आणि घटकाभर मला बरे वाटले, हे सांगतो. वाटले, आता कोणी मला लपवणार नाही. मी स्वतःच्याच अंगाला किती लाजत होतो, ते मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी सरिताताईंनी मला परत आणले. सोबत डब्यात दोन थालीपिठे होती आणि मागे त्यांचे वडील उभे होते. गळ्यात माळ असलेले म्हातारे गृहस्थ. "पहिली दोन मोडली, मग जमलं," त्या म्हणाल्या. म्हाताऱ्यांनी अभयला हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या आईच्या हातचं आठवलं बघा." अभयची नजर त्यांच्या माळेवर खिळली होती. त्या थालीपिठांना त्याने हात लावला नाही. आईला कळू नये म्हणून त्याने मला जाळावर काळे केले, बाजारचे तेल फासले आणि पुन्हा पिशवीत कोंबले.

मालनबाई परतली आणि पाठोपाठ मोतीरामचा स्मृतिदिन आला. विहारात वंदना झाली. घरी आल्यावर ती चाचरत करुणाला म्हणाली, "त्यांना राहू लई आवडायचा. आजच्या दिस करू का? खिडक्या लावून करते." करुणा लगेच हो म्हणाली आणि तिनेच मासा आणून दिला. मालनबाईने मला काढले. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, माझे बदललेले रूप तिला दिसले नाही. बोटे फिरवून ती एवढेच म्हणाली, "पडून पडून खरबरीत झालाय गडी."

तिने सगळे नेहमीसारखे केले. तेल तापले. तुकडे ठेवले. ती थांबली. मीही वाट पाहत होतो की आता सुटेल, आता सुटेल. पण मासा सुटू देणारी ती कातडीच माझ्या अंगावर उरली नव्हती. उघड्या लोखंडाने मासा धरून ठेवला. तिने उलथने घातले आणि तुकडा मोडला. दुसरा मोडला. तिसऱ्याची कातडी माझ्यावर राहिली आणि मांस तेवढे वर आले. बंद खिडक्यांच्या त्या खोलीत करपल्याचा धूर कोंडला.

अभय दारात उभा होता. त्याने पाहिले आणि त्याला सगळे कळले.

"माझा हात गेला रं आता," मालनबाई म्हणाली. "त्यांच्या नावानं केलं अन् असं झालं."

एक वाक्य बोलला असता तर काम झाले असते. तो म्हणाला, "असू दे आई, चवीला चांगलंच आहे."

त्या दिवसापासून मालनबाई शेगडीपाशी येईनाशी झाली. भाकरीसुद्धा थापेना. करुणाने आग्रह केला की म्हणायची, "तूच कर माय. मला नाय जमत आता." जिच्या हाताचे नाव साऱ्या गल्लीत होते, ती बाई कोथिंबीर निवडतानाही विचारू लागली, बरोबर हाय का गं. मी पिशवीत पडून ते ऐकत होतो. लोखंडाला तोंड नसते, याची मला त्या दिवसांत जितकी लाज वाटली तितकी कधीच वाटली नव्हती.

शेवटी करुणानेच अभयला अडवले. "त्यांना म्हातारपण आलेलं नाही, तुम्ही आणलंय. तुम्ही सांगता का मी सांगू?"

अभय मला घेऊन मालनबाईसमोर खाली बसला. भर दुपार होती. त्याने तिचा हात धरून माझ्या अंगावर ठेवला. "आई, तुझा हात नाही गेला. तवा मी घासला. साबणानं, तारेनं."

तिने बराच वेळ बोटे फिरवली. "कशापायी?"

त्याने सांगितले. सरिताताई, त्यांचे वडील, थालीपीठ, आणि घर घेताना दिलेले उत्तरही. मला वाटले, आपले नाव निघाले, आता ती माझ्यासाठी रडेल. पण तिचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच.

"त्या माळकऱ्याला माशाच्या तव्यावरचं खाऊ घातलंस? न सांगता?"

अभयने होकारार्थी मान हलवली.

"आपल्या लोकांना कुणी घरात घेत नव्हतं, तेव्हा आपण काय मागत होतो रं? माणसावाणी वागवा, एवढंच ना. मग त्याला कशापायी असं वागवलंस? तवा मी करीन पुन्हा नीट. हे मला नीट करता येत नाय. तू जा अन् सांग."

तो गेला. आमचे दार उघडेच होते, म्हणून मला ऐकू आले. सगळे ऐकून घेतल्यावर सरिताताईंचा आवाज आला. "तुम्ही काय खाता याचं मला काही नाही, अभयभाऊ. सांगितलं असतं तर मी तवा नेला नसता, एवढंच. नाही म्हणायचं माझ्या हातात होतं, तेवढंही तुम्ही ठेवलं नाहीत." मग त्यांनी दार लावले. आपटले नाही, हळू लावले. अभय तिथेच उभा राहिला. आतून म्हाताऱ्यांचे हसणे ऐकू आले, ते मुलीकडेच राहिले होते आणि त्यांना अजून काही माहीत नव्हते. परत आल्यावर तो हात-तोंड न धुता जमिनीवर बसून राहिला. कोणी त्याची समजूत घातली नाही.

मालनबाईने मला शेगडीवर चढवले. खिडक्या सताड उघडल्या. अर्धा कांदा तेलात बुडवून माझ्या अंगावर घासला, धूर निघू दिला, थंड केले, पुन्हा तेल लावले. रोज थोडे थोडे. कातडी एका दिवसात जाते, पण यायला वेळ लागतो. इमारतीत कुजबुज झाली. लिफ्टमध्ये एक-दोघांनी अभयकडे पाठ केली. त्या जाणत्या गृहस्थांनी विचारले, तेव्हा अभय म्हणाला, "खाणारे आहोत. तेव्हा खोटं बोललो." कान लाल झाले होते, पण बोलला.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. लोखंडी तव्याला साबण लावू नका, गरम असताना फडक्याने पुसा. घरातल्या कोणाचा पदार्थ एक दिवस बिघडला, तर त्याचा हात गेला असे म्हणण्याआधी, आपण मागून काय करून ठेवले आहे ते आठवा. आणि ज्या वस्तूने तुम्हाला जेवू घातले, तिला पिशवीत लपवू नका. तिलाही कळते.

आता मासा आणला की मालनबाई आधी समोरच्या घराचे दार वाजवते. पहिल्यांदा गेली तेव्हा अभय तिला अडवायला उठला होता. ती म्हणाली, "सरिताताई, आज मासा करतेय. खिडकी लावून घ्या." सरिताताई आत गेल्या आणि खिडकी लागल्याचा आवाज आला. असे पुष्कळदा झाले. एकदा मात्र त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत, मावशी." अभयशी त्या अजून बोलत नाहीत.

त्या दिवशी मालनबाईने उलथने अभयच्या हातात दिले. तेल माझ्या वाकड्या कडेला साचले होते. तुकडे पडले आणि त्याचा हात घाईने पुढे आला. अजून भरवसा नव्हता, ना त्याला माझा, ना मला माझा.

"थांब," मालनबाई म्हणाली.

तो थांबला. आणि मी सोडला.