फळ्यावरची एक वीत

मी एक जुना फळा आहे. कोपऱ्यात पडलो आहे, पण रडगाणे गायला तोंड उघडलेले नाही. मला भांडायचे आहे.

मित्रांनो, भिकाजी सुताराने मला फणसाच्या फळ्या जोडून घडवले आणि डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत टांगले. दर शनिवारी मुले बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड पानांच्या रसात कालवून मला चोळत. शाळेत खोली एक, वर्ग चार आणि मास्तर एकटे दत्ताराम. त्यांनी खडूने रेघा मारून माझे चार वाटे केले. वर्षातून एकदा शाळा तपासायला साहेब येत आणि चौथीलाच जास्त विचारीत, म्हणून अर्धा फळा चौथीला. तिसरीच्या नशिबी कडेची जेमतेम एक वीत.

तपासणी म्हणजे सगळा देखावा. पंधरा दिवस आधी प्रश्नोत्तरे माझ्यावर लिहायची, पोरांनी ती घोकायची, कोणी कोणते उत्तर द्यायचे तेही ठरलेले. ज्यांना वाचता येत नसे, त्यांनी त्या दिवशी घरी राहायचे. शाबासकी मिळे आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी, तपासणीच्या आदल्या दिवशी, मास्तर तिसरीतल्या चंद्रावतीला म्हणाले, "तूं फाल्यां घरा राव."

संध्याकाळी तिची आई यशोदा दारात येऊन उभी राहिली. "मास्तर, तुमकां ती नाका जाल्यार हांव तिका कायमची घरा दवरतां. धाकट्याक तरी सांबाळीत."

मास्तर तपासणीचे कागद लावू लागले. पोरीची शाळा संपली, असे मी समजून चुकलो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण लाकडाला कुठले तोंड!

दुसऱ्या दिवशी ती आली. न बोलावता, वेणीफणी करून, पहिल्या रांगेत बसली. साहेबांनी नेमके तिलाच वाचायला उठवले.

"सायबानूं, म्हाका वाचूंक येना," ती म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन तिने तिसरीच्या वाट्यावर बोटे ताणून धरली. "फळ्यार आमचो वांटो इतलोच!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. मास्तर उठले. मला वाटले, आता पोरीला मार बसणार.

"साहेब, ती खरे बोलते," ते म्हणाले. "चार वर्ग आणि मी एकटा. मतदारयाद्याही मीच करायच्या. आजवर मी तुम्हाला फसवले." आणि त्यांनी माझ्यावर अजून राहिलेली घोकायची सगळी उत्तरे स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

शेरा वाईट मिळाला. दुसरा शिक्षक यायला दोन वर्षे लागली. पण मास्तर थांबले नाहीत. त्यांनी रेघा पुसल्या आणि एका वेळी एका वर्गाला अख्खा फळा दिला. बाकीची मुले व्हरांड्यात बसत, मोठी धाकट्यांना वाचून दाखवत. शिमग्याच्या आधी चंद्रावती माझ्यावरचा धडा बोट न लावता वाचू लागली. त्या दिवशी यशोदा खिडकीबाहेर उभी होती. तिने घरचे काम सांगून मुलीला परत कधी अडवले नाही.

आता भिंतीवर नवा हिरवा फळा आहे. तरी तपासणी जवळ आली की पलीकडून तेच घोकणे ऐकू येते. मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, वाळवी खाईना का मला! तुमच्या फळ्यावर तुमचा वाटा किती, ते तेवढे वीत लावून मोजा. कमी भरला, तर साहेबांसमोर उभे राहून सांगा.