उघड्या गाडीचं दार

“अगं, खालून उचलून धर जरा, मी लावतो,” मिस्त्री म्हणाले.

मी शिलाई मशीनवरून उठले आणि गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला दोन्ही हात लावले. मी उचललं, त्यांनी ढकललं. दार मागच्या पत्र्यावर आपटलं आणि मुकाट्यानं परत आलं. पुन्हा केलं, पुन्हा परत आलं. मग आम्ही वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेलो. त्याचीही तीच तऱ्हा.

“बिजागरी वाकली असेल,” मिस्त्री म्हणाले.

“दोन्हीकडची एकदम?”

ते पुन्हा बिजागरीवर वाकले. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं हे खरं, पण मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी होते.

जगाबरोबर मीही नवऱ्याला मिस्त्रीच म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा या शेडमध्ये सगळे त्यांना तशीच हाक मारायचे आणि मला दुसरं काही सुचलं नाही. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा हा त्यांचा धंदा. शेडच्या दुसऱ्या टोकाला माझं मशीन. मी गाड्यांच्या सीटा शिवते. सगळा संसार हातोडीच्या आणि मशीनच्या आवाजात झाला, त्यामुळे आम्ही दोघंही मोठ्यानं बोलतो आणि लोकांना वाटतं भांडतोय. बहुतेक वेळा भांडतच असतो.

ही गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, आमच्या मुलाची होती. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, वर टप नसलेली जुनी स्पोर्ट्स कार. कुठल्याशा बंद बंगल्याच्या आवारात ती वर्षानुवर्षं पडून होती. मुलानं ती टेम्पोत घालून आणली, तेव्हा उतरवताना तिचा एक तुकडा टेम्पोतच राहिला. बोट लावावं तिथून पत्रा भिजलेल्या बिस्किटासारखा हातात यायचा. मुलगा मात्र तिच्याभोवती नवीन घर बघितल्यासारखा फिरत होता.

त्याला असल्याच गाड्या करायच्या होत्या. मिस्त्रींचं म्हणणं, अपघाताच्या गाड्यांवर घर चालतं, गंजावर चालत नाही. यावरून दोघांचं रोज वाजायचं. मुलगा बापावर गेलेला, मग माघार घेणार कोण? एक दिवस गिऱ्हाइकं उभी असताना मिस्त्री त्याला म्हणाले, “भंगारच गोळा करायचं तर कबाड्याकडे जाऊन राहा. इथे एकच मिस्त्री पुरे.” उलटून उत्तर देण्याऐवजी मुलानं हातातली हातोडी जागेवर नीट ठेवली, तेव्हाच मी समजले. त्याच आठवड्यात तो गेला. आता दूरच्या शहरात एका मोठ्या शोरूमच्या काउंटरवर बसून तो सुटे भाग विकतो. पत्र्याला हात लावत नाही. फोन मला करतो. “बाबा बरे आहेत ना?” एवढं विचारतो, आणि मी “देऊ का त्यांना?” म्हणेपर्यंत त्याला कुणीतरी बोलावतं. दर वेळी बरोब्बर तेव्हाच बोलावतं.

आणि मग एका सकाळी मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या त्या गाडीवरची ताडपत्री ओढली.

“करून टाकतो त्याची गाडी,” म्हणाले.

“आजच कसं सुचलं?”

“जागा अडवून बसलीय.”

जागा ती कितीतरी वर्षं अडवून बसली होती. मला काय समजायचं ते समजलं. ‘चुकलं माझं’ एवढं ज्या माणसाच्या तोंडून जन्मात निघालं नाही, तो ते आता पत्र्यावर ठोकून काढणार होता. मुलानं यावं, गाडी पाहावी आणि पुन्हा या शेडमध्ये कामाला उभं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. मलाही दुसरं काही नको होतं.

“सुरू करायच्या आधी त्याला एक फोन तरी करा,” मी म्हटलं. “त्यानं या गाडीवर किती वाचून ठेवलंय. कुठून हात घालायचा ते सांगेल.”

“पत्र्याचं मी त्याला विचारू?”

“मग मी विचारते.”

“खबरदार. पूर्ण झाल्यावरच बघू दे त्याला.”

मी फोन केला नाही. खरं सांगायचं तर मलाही ती गंमत आवडली होती. घरात इतक्या दिवसांनी कुणापासून तरी काही चांगलं लपवायचं होतं.

मिस्त्रींनी काम असं केलं की मी मशीन थांबवून बघत बसायची. मडगार्ड चाळणी झालं होतं. त्यांनी सपाट पत्रा घेतला, वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी हातोडीनं हळूहळू त्याला गोलाई आणली. ठोकायचे, तळवा फिरवायचे, पुन्हा ठोकायचे. हल्लीच्या गाड्यांचं काय, पत्रा चेपला की नवा बसवतात. ठोकणारा कुणाला लागत नाही. त्यामुळे एवढ्या आनंदात मी त्यांना बऱ्याच काळात पाहिलं नव्हतं. जेवताना गुणगुणायचे. मी तपकिरी रेक्झिनच्या दोन सीटा शिवल्या आणि दुहेरी टीप घातली, जी मी गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय घालत नाही.

मग मुलाचा फोन आला. कंपनीच्या कामानं इकडच्या बाजूला येणार होता, दुपारपुरता डोकावेन म्हणाला. मी फोन ठेवून मिस्त्रींना सांगितलं आणि तिथेच घात झाला. इतके दिवस निवांत चाललेल्या माणसाला घाई सुटली. दारांखाली जी लांब पोकळ पट्टी असते, रनिंग बोर्ड म्हणतात तिला, ती दोन्ही बाजूंची सडली होती. मिस्त्रींनी दारं उतरवली, दोन्हीकडच्या पट्ट्या एकदमच कापल्या आणि नव्या बनवून वेल्ड केल्या. मग दारं परत चढवली, आणि ती लागेनात.

शेजारचा पेंटर रंगाचं बघायला आला, तोवर मिस्त्रींनी बिजागऱ्या काढून घालून पाहिल्या होत्या. पेंटर वाकला, एक डोळा मिटून गाडीच्या अंगालगत बघितलं, आणि हळूच विचारलं, “मिस्त्री, दोन्ही बोर्ड एकदम कापले?”

“सडलेच होते दोन्ही.”

“आणि दारांच्या जागी आडवे पाईप टाकले होते का आधी? आधाराला?”

“कशाला?”

पेंटर घुटमळला. मिस्त्रींसमोर बोलायचं म्हणजे त्यालाही जड जात होतं. “वर टप नाही ना तिला,” तो म्हणाला.

मिस्त्रींनी जन्मभर टपाच्या गाड्या केल्या. टपाच्या गाडीचं खालचं कापलं तरी वरचा टप तिला धरून ठेवतो. हे त्यांच्या हातात इतकं मुरलेलं की विचार करायची वेळच आली नव्हती. या गाडीला वर काहीच नव्हतं. तिला धरणाऱ्या होत्या त्या खालच्या दोन पट्ट्याच. त्या निघाल्या तेव्हा गाडी पुढून आणि मागून स्टँडवर उभी होती, आणि मधे तिनं कपड्यांच्या दोरीसारखा झोल खाल्ला. तो डोळ्याला दिसण्याइतका नव्हता. मिस्त्रींनी नव्या पट्ट्या त्या झोलातच पक्क्या करून टाकल्या.

“मग परत कापायच्या,” मी म्हटलं.

“कापता येतील वहिनी. पण उचलायचं किती? जुन्या पट्ट्या असतील तर माप मिळेल.”

जुन्या पट्ट्या कबाड्यानं नेल्या होत्या. शेडमध्ये भंगार साठलेलं मिस्त्रींना खपत नाही. अशी गाडी दुसरी कुणाकडे असती तर तिचं माप घेतलं असतं, पण आमच्या भागात ती एकच होती. पेंटर गेला. मिस्त्री पत्र्याच्या डब्यावर बसले.

“त्याला माहीत असणार,” ते म्हणाले.

“काय?”

“हे पाईपचं. त्याला माहीत असणार.”

मला त्यांची इतकी दया आली की राग आला. “फोन करते,” मी म्हटलं. “सांगते, आत्ता नको, पुढे कधीतरी ये.”

“तो पुढे कधी येतोय?” ते म्हणाले.

मग त्यांनी ते केलं जे त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. दारांच्या कडा घासून बारीक केल्या आणि जिथे फट वेडीवाकडी दिसत होती तिथे लांबी भरली. लांबी म्हणजे भिंतीचे खड्डे बुजवतात तसलं लुकण. पत्र्यावर ती नखभर जाड झाली तरी मिस्त्री गड्याला घरी पाठवायचे. आता स्वतःच थरावर थर चढवत होते, माझ्याकडे पाठ करून. मी मशीन चालवत राहिले. शिवायला काही उरलं नव्हतं, चिंधीवरच टिपा मारत होते. पेंटरनं एक शब्द न बोलता लाल रंग मारला. सुकल्यावर गाडी अशी दिसली की रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. दारं जोर लावला की लागत होती.

मुलगा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. गाडी बघून तो दारातच थांबला. “आई, ही... ही तीच?”

“तुझ्या बाबांनी केलीय.”

तो गाडीभोवती फिरला. मडगार्डवर तळवा ठेवला, अगदी बापासारखा. “हातानं काढलंत हे?” त्यानं विचारलं.

“मग काय पायानं?” मिस्त्री म्हणाले. मुलगा हसला. मीही हसले. त्याचा हात मडगार्डवरून सरकत दाराच्या फटीपाशी आला आणि तिथे जरासा रेंगाळला. “बसून बघू?” तो म्हणाला. “बाबा, तुम्ही पण या.”

दोघं बसले. दारं ओढून लावली. मुलानं स्टिअरिंगवर हात ठेवले आणि क्लचबद्दल काहीतरी विचारलं, मिस्त्रींनी सांगितलं, मग त्यानं इंजिनाचं विचारलं. मी चहा करून दिला तो दोघांनी तिथेच, खांद्याला खांदा लावून प्यायला. नाहीतरी त्या गाडीत दुसरं कसं बसणार म्हणा. पण मी वेडी, मनातल्या मनात त्याच्या खोलीतल्या गादीला नवी खोळसुद्धा शिवायला घेतली.

“निघतो, बस आहे,” मुलगा म्हणाला आणि त्यानं दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. खांदा लावला, तरी नाही. मिस्त्रींनी त्यांच्या बाजूचं ओढून पाहिलं. तेही नाही. दोघांच्या वजनानं गाडी मधे आणखी बसली होती आणि दोन्ही दारं जबड्यात धरल्यासारखी आवळली गेली होती.

मिस्त्री समोर बघत राहिले. मुलाला कळलं, त्याला कळलेलं मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. आता बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते. पाईप का नाही टाकले म्हणून चांगला ओरड त्यांच्यावर. तो ओरडला असता तर हेही ओरडले असते, आणि संध्याकाळच्या आत तो शर्टाच्या बाह्या वर करून कटर हातात घेऊन उभा राहिला असता.

“असंच असतं या गाड्यांचं, बाबा,” मुलगा म्हणाला. “छान झालीय.”

काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलतात तसं म्हणाला. आमच्या शेडमध्ये आतल्या माणसाच्या कामाला छान कुणी म्हणत नाही, ते फक्त बाहेरच्याला म्हणतात. मिस्त्रींनी मान हलवली.

“नेशील ना ही?”

“भाड्याच्या खोलीत कुठे ठेवू? असू दे इथेच.”

माझ्या सीटा खराब होऊ नयेत म्हणून त्यानं बूट काढले, सीटवर उभा राहिला आणि दारावरून टांग टाकून बाहेर आला. मग वळसा घालून बापाच्या बाजूला आला आणि दोन्ही हात पुढे केले. “या बाबा, धरा मला. उचलून घेतो.”

“तू निघ,” मिस्त्री म्हणाले. “मी बसतो जरा. बस चुकेल तुझी.”

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग बूट घातले, वाकून बापाच्या गुडघ्याला हात लावला आणि निघाला. मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. पोचल्यावर फोन करतो म्हणाला. करेल तो, मला करेल.

परत आले तेव्हा मिस्त्री तसेच बसलेले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ.

“गेला?”

“गेला.”

“बस मिळाली?”

“मिळाली.”

मी माझं स्टूल ओढून दाराशी लावलं. त्यांनी ते पाहिलं. मग म्हणाले, “हं. आता दे हात.”