डेडिकेटेड म्हणजे नेमकं काय

कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमध्ये ती इतकी मुरली होती, की गल्लीत तिला सगळे दातवालीच म्हणत. लॅबमध्ये तिच्या शेजारी ताई बसायची. वयाने मोठी, हात तिच्याहून सफाईदार. बोलता बोलता दोघी एकमेकींच्या चुका पकडत.

एका सकाळी नव्या साहेबांनी तिच्याकडे हात करून सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून ह्या फक्त पुढच्या दातांसाठी डेडिकेटेड. आतल्या खोलीत बसतील." टाळ्या पडल्या. तीही हसली, पण मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी नवऱ्याने मोबाइलमध्ये शब्द शोधला. "समर्पित, वाहून घेतलेला. अगं, कौतुक केलंय तुझं."

"कौतुक करायचं तर आतल्या खोलीत कशाला कोंबतात?"

नणंद तिथेच चहा घेत होती. ती म्हणाली, "वहिनी, आमच्या ऑफिसात प्रिंटरपण डेडिकेटेड आहे. फक्त बिलं छापतो. बंद पडला की भंगारात."

झालं. दातवालीची झोप उडाली.

आतल्या खोलीत उजेड भरपूर होता, बोलायला मात्र कोणी नाही. काचेतून तिला ताई दिसायची. जेवायला बसलं की ताई गप्प गप्प. एकदा तर ती साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडली आणि हिला बघून नजर चुकवून निघून गेली. आपल्या बडबडीची तक्रार ताईनेच केली असणार. आधी बाजूला काढायचं, मग घरी बसवायचं. दातवालीला आता ताईचं साधं खोकणंही मुद्दाम वाटू लागलं.

शेवटी तिने साहेबांनाच गाठलं. "सर, डेडिकेटेड म्हणजे मन लावून काम करणारी ना?"

साहेब जरा गडबडले. "तोही अर्थ आहे. मी म्हणालो ते, त्या एकाच कामासाठी राखून ठेवलेली, अशा अर्थाने. तुम्हाला आत बसवा असं ताईंनीच सुचवलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई बेसिनपाशी हात धूत होती.

"माझा एवढा त्रास होत होता, तर तोंडावर सांगायचंस ना, ताई."

ताईने नळ बंद केला. एप्रनच्या खिशातून दातांच्या रंगछटांची पट्टी काढून तिच्यापुढे धरली. "यातला सगळ्यात पांढरा कुठला गं?"

"हा काय, पहिलाच."

"मला सगळे पिवळट दिसतात. मोतीबिंदू आहे म्हणाले डॉक्टर. तू शेजारी असतीस तर आठवडाभरात ओळखलं असतंस. म्हणून तुला आत बसवायला सांगितलं. आणि रंग चुकायला नको म्हणून पुढचे दात तुझ्याकडे. दाढांचं काय, त्या कोणाला दिसतात?"

दातवालीला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. इतके दिवस हिने आपल्याला एकटं बसवलं ते बसवलंच.

"ऑपरेशन कधी आहे?"

"अजून विचारलंच नाही. साहेबांना कळलं तर?"

"ते मी बघते. दवाखान्यात सोबत येते. पण मी अजून रागावलेली आहे, हे लक्षात ठेव."

"राहा की," ताई म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

त्या दुपारी दातवालीने ताईच्या टेबलावरच्या सगळ्या दाढा आत नेल्या आणि उजेडात एकेक करून रंग तपासला. दोन बदलाव्या लागल्या.