फिल्टरचं पाणी

सून खतांच्या दुकानात काउंटरवर काम करत असली, की घरातल्या कुंड्यांचा कारभार आपसूक तिच्याकडे येतो. इथेही तसंच झालं. गिऱ्हाइकं तिला कौतुकाने झाडांची डॉक्टरीण म्हणत, आणि हळूहळू तीही स्वतःला तसंच समजू लागली होती.

गच्चीवरचे टोमॅटो मुळात सासूबाईंचे. त्या साध्या मातीत रोपं लावत, नळाला पाइप जोडून पाणी घालत आणि खत म्हणून हाताला लागेल ते टाकत. फळं लहान यायची, पण यायची. सुनेला ते बघवेना. "आई, असं अंदाजपंचे नाही चालत," म्हणत तिने यंदा सगळं नव्याने मांडलं. मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट, दुकानातलं सगळ्यात भारी विरघळणारं खत, आणि नळाच्या जड पाण्याने कुंड्यांवर पांढरे डाग पडतात म्हणून पाणीही घरातल्या आरओ फिल्टरचं. फिल्टरखाली बादली भरता भरता जीव मेटाकुटीला यायचा. सासूबाई ती भरायच्या, जिना चढून वर न्यायच्या, आणि कुरकुरही करायच्या नाहीत.

रोपं तरारून वर आली. नणंद जेवायला आली तेव्हा नवरा तिला मोठ्या ऐटीत गच्चीवर घेऊन गेला. मागून सासू-सुनाही चढल्या. नणंदेने एक टपोरा टोमॅटो तोडून उलटा केला.

"अगंबाई, याचं बूड तर काळं पडलंय!"

दुसरा तोडला, तोही तसाच. सुनेचं तोंड एवढंसं झालं. चारचौघांत फजिती झाली की माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडून मोकळा होतो. ती म्हणाली, "आई कंटाळा करतात आणि नळाचंच पाणी ओततात. कितीदा सांगितलं त्यांना!"

तिने तसं एकदाही पाहिलं नव्हतं.

"मी? नाही गं, मी कधी—"

"मग हे कशाने झालं, सांगा ना!"

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. दोघंही हातातले टोमॅटो निरखत होते. "मी ताटं घेते," म्हणून त्या खाली गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गच्चीचा जिना चढणं सोडलं.

आता सून स्वतः बादली नेऊ लागली. पाणी फिल्टरचंच, मोजून मापून. तरी नवी फळं आली ती बुडाशी काळी होऊनच. दुकानात गर्दी नव्हती तेव्हा तिने खताचा पुडा हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. नत्र होतं, स्फुरद होतं, पालाश होतं, चिमूटभर लोह आणि जस्तही होतं. कॅल्शियम नव्हतं. ते एरवी मातीतून मिळतं, नाहीतर जड पाण्यातून. माती तिने काढून टाकली होती आणि पाण्यातलं कॅल्शियम फिल्टरने काढून घेतलं होतं. सासूबाईंनी खरंच नळाचं पाणी ओतलं असतं, तर झाडांचं भलंच झालं असतं.

पुडा फळीवर ठेवताना तिला वाटलं, सगळं दुकान आपल्याकडेच बघतंय.

तेव्हा घरी जाऊन सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. गुपचूप कॅल्शियम नायट्रेट आणलं. दोन्ही खतं एकत्र कालवली तर पाणी दुधाळ होऊन तळाशी साका बसतो, हे तिला पाठ होतं. म्हणून एके दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते, असं घालत राहिली. पुढची फळं बुडापर्यंत लालभडक निघाली.

नवऱ्याने जेवताना एक चिरून ताटात घेतला. "बघ आई, तू हात लावणं बंद केलंस आणि कशी सुधारली झाडं!"

"माझंच चुकत असेल बाबा," सासूबाई म्हणाल्या. "वय झालं. केलेलं आठवतही नाही कधीकधी."

सुनेने हातातला घास ताटात ठेवला. म्हणजे इतके दिवस ही बाई स्वतःवरच संशय घेत बसली होती.

"आई, तुमचं काही चुकलं नव्हतं," ती खाली मान घालून म्हणाली. "माझ्या खतात कॅल्शियम नव्हतं. मला हे कधीच कळलं होतं. मी गप्प बसले."

सासूबाईंनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला. "तेव्हा माझ्या लेकीसमोर बोललीस. आता तिलाही सांग."

नणंदेला फोन लावताना तिचे कान तापले होते. अडखळत, शब्द गिळत तिने सगळं सांगितलं. मग नणंद एवढंच म्हणाली, "आईला फोन दे." सासूबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. सून उष्ट्या ताटांपाशी उभी राहिली. त्या काय बोलताहेत ते ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचा हक्कही तिला उरला नव्हता.

काही दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. मग एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "दोन कुंड्या मोकळ्या करून दे मला. साधी माती घालून मिरच्या लावणार आहे. त्यांना तू हात लावायचा नाहीस."

"नाही लावणार."

"आणि सल्लाही द्यायचा नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि कुंड्या रिकाम्या करायला वर गेली.