फुंकर

"माझ्या बोटावर फुंकर घाल बघू," असं म्हणत नर्सबाई तर्जनी पुढे करायच्या. रडवेलं पोर ओठांचा चंबू करायचं, तोवर सुई टोचूनही झालेली असायची. मी शेजारच्या टेबलावर लसीची कार्डं लिहायचो. चौतीस वर्षं ही एकच युक्ती पाहिली, आणि खरं सांगतो, एकदाही कंटाळा आला नाही.

मध्येच ते संशोधन आलं. कुण्या मोठ्या डॉक्टरने मूठभर मुलं तपासली आणि गोवराच्या लशीने मुलं मुकी होतात असं ठोकून दिलं. पेपरात पहिल्या पानावर हातभर मथळा. आमच्या खोलीतली रांग आटली. मी म्हणालो, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण डॉक्टरने लिहिलेलं खोटं असू शकतं, हे बाईंच्या डोक्यात शिरेना. जन्म गेला होता त्यांचा डॉक्टरांचं अक्षर पाळण्यात. वरून हुकूम होता म्हणून येतील त्या मुलांना टोचत राहिल्या. तान्ह्या लेकीला लशीसाठी घेऊन आलेल्या धाकट्या बहिणीला मात्र हळूच म्हणाल्या, "वर्षभर थांब गं. काय ते कळू दे."

वर्ष भरायच्या आत भाचीला गोवर निघाला. ताप उतरला, पण कान गेले.

पुढे त्या डॉक्टरची लबाडी उघडी पडली, संशोधन मागे घेतलं गेलं. ती बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. बहीण कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं. भाची शाळा सुटली की आमच्याकडे यायची, स्टुलावर पाय हलवत मावशीचं काम बघत बसायची. किती गोड दिवस होते ते, आणि किती जड.

बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी शेवटचं कार्ड लिहायला घेतलं, तर समोर तीच भाची. मांडीवर नऊ महिन्यांची लेक, गोवराच्या लशीला आणलेली. बाईंनी सिरिंज भरली आणि तशीच ट्रेमध्ये ठेवून दिली.

"दुसऱ्या कुणाला बोलवा," त्या मला म्हणाल्या. "माझ्या हातून नको."

भाचीने ते ओठांवरून ओळखलं. "तूच, मावशी," ती अडखळत म्हणाली. मग तिने बाईंचा डावा हात ओढून घेतला, तर्जनी आपल्या ओठांशी धरली आणि फुंकर घातली.

मी तिच्या लेकीचा दंड धरला. बाईंनी टोचलं. पोरीने फोडलेला टाहो आम्हा दोघांनाच ऐकू आला. भाची अजून मावशीच्या बोटावर हळुवार फुंकर घालत होती.