कान्हूच्या पांढऱ्या पेशी

मित्रांनो, पेणमधल्या एका लहानशा लॅबमधला मी जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझी भिंगं अंबाल्यात घासली गेली. तिथून मी इथे रक्त तपासणाऱ्या रूथबाईंच्या टेबलावर आलो. मलेरियाचे जंतू मी त्यांना कितीतरी वेळा दाखवले. पण १९९६ सालच्या एका मंगळवारी मी जे दाखवलं, ते दाखवायला नको वाटत होतं.

कान्हू रोह्याजवळच्या वरसे गावचा, नदीत मासे धरणारा. त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत. जेवणात विष आहे, असं ते सांगत. दोन वर्षं कुठलंच औषध लागू पडलं नाही. मग मुंबईच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि बजावलं, "दर आठवड्याला रक्त तपासा. या गोळीने एखाद्याच्या पांढऱ्या पेशी घटतात. मग साधा तापही जिवावर बेततो."

म्हणून त्याची धाकटी बहीण गंगी त्याला दर मंगळवारी गाडीने पेणला आणायची.

दहाव्या आठवड्यात कान्हू आपणहून म्हणाला, "बाई, आवाज लांब गेलेत. काल गंगीच्या हातचं जेवलो."

त्याच दिवशी माझ्याखाली पेशी विरळ दिसल्या. एका घन मिलिमीटर रक्तात चार हजार तरी हव्या होत्या. भरल्या दोन हजार सहाशे. रूथबाईंनी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा मोजलं. आकडा तोच.

"घसा दुखतो का रे?"

"व्हय, कालपासून."

डॉक्टरांना फोनवर विचारून त्या म्हणाल्या, "गंगी, गोळी आजपासून बंद. ह्याला लगेच इथल्याच दवाखान्यात ठेवायचं."

"नको बाई. गोळी सुटली तर तो परत काय खायचा नाय."

"चालू ठेवली तर तो राहायचाच नाही गो."

गंगी गोळ्यांची पुडी मुठीत धरून उभी राहिली. कान्हूनेच ती सोडवून टेबलावर ठेवली.

त्याला नऊ दिवस ताप होता. रोज त्याचं रक्त माझ्याखाली यायचं, आणि रूथबाई ते दोनदा मोजायच्या. दहाव्या दिवशी पेशी वाढल्या, तापही उतरला. आवाज मात्र परतले.

गंगीने विचारलं, "बाई, ते आवाज किती वाढले, ह्या यंत्रात दिसत नाय?"

"नाही गो. रक्तात ते दिसत नाहीत. त्यालाच विचारावं लागतं."

आजवर गंगी भावाला 'कुणी बोलत नाय' एवढंच सांगत आली होती. ती त्याच्याजवळ बाकावर बसली.

"दादा, आज काय म्हणतात ते?"

कान्हू तिच्याकडे वळला. मग हळूहळू सांगू लागला.

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. माझी भिंगं पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला दूर बसवू नका. त्याच्या मनातलं मला कधीच दिसलं नाही. ते तुम्हालाच ऐकावं लागेल.