खिडकीखालची जलपिंपळी

खामगावच्या नव्या वस्तीतल्या त्या घरापुढची काळी माती उन्हाळ्यात भेगाळायची आणि पावसाळ्यात चपलांबरोबर थेट स्वयंपाकघरापर्यंत यायची, म्हणून सुवर्णाने अंगणभर जलपिंपळी लावली. जमिनीला धरून सरपटणारी, पेरापेराला मुळं सोडणारी ती वनस्पती वर्षभरात कुंपणाला टेकली आणि तिच्यावर मण्यांएवढी पांढरी फुलं आली. मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरातलं बोलणं आटलं होतं. संध्याकाळी ती भाकरी टाकायची, तिचा नवरा प्रसेनजित शाळेतून येऊन मुकाट्याने चहा प्यायचा, आणि सकाळी पाणी घालताना ती या फुलांशीच काय ते दोन शब्द बोलायची.

हिवाळ्याच्या तोंडाशी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दोन जागी फुलं चेपलेली दिसली. पावलांएवढ्या जागा, बोटं घराकडे. तिने तिथे नवे तुकडे खोचले. ते रुजले नाहीत, उलट माती आणखी गुळगुळीत झाली, रोज कुणी बराच वेळ उभं राहत असावं तशी.

"तुम्ही उभे राह्यता का तिथं, खिडकीखाली?"

"मी काऊन उभा राहीन?" प्रसेनजित मान वर न करता म्हणाला.

शेजारच्या शालूबाईंना विचारलं, तर त्या हसल्याच. "तुमीच तर राह्यता वो वैनी, रोज सांजच्याले. आवाज देला तरी पाहत नाही."

त्या वेळी तर सुवर्णा रोज आत गॅसपाशी असायची.

दुसऱ्या दिवशी दिवे लागताना तिने तवा उतरवला, बाहेर आली आणि चपला काढून त्या दोन जागांवर उभी राहिली. पावलं नेमकी बसली; तिच्या उजव्या पायाच्या वाकड्या करंगळीच्या जागीही माती तशीच दबलेली होती.

आत उजेड होता. प्रसेनजित टेबलाशी बसून काहीतरी रंगवून सांगत होता आणि मधेच हसत होता. ते हसणं तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. गॅसपाशी पाठमोरी एक बाई भाकरी उलटत होती. सुवर्णाने काचेवर बोटं आपटली.

"बाहेर कोणी हाय का गं?" प्रसेनजितने विचारलं.

हाताचं पीठ झटकत ती बाई खिडकीशी आली. क्षणभर तिने सुवर्णाच्या डोळ्यांत शांतपणे पाहिलं, आणि पडदा ओढता ओढता सुवर्णाच्याच आवाजात म्हणाली,

"नाही. कोणीच नाही."